माशात अळी दिसली तर नक्की काय समजायचं?

मासळीच्या मांसातून पांढरी बारीक अळी वळवळत बाहेर येतेय असा व्हिडिओ तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आला असणारच. खाली लिहिलेलं असतं, मासे खाणं बंद करा, बघा काय निघालं ते, आणि मग आठवडाभर घरात मासळी येत नाही. दुसऱ्या बाजूला पक्के मासेखाऊ असतात, त्यांचं म्हणणं की आमचे आजे-पणजे हेच खाऊन नव्वदी गाठून गेले, काही होत नाही. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. माशात अळी असणं वेगळं आणि त्या अळीपासून माणसाला धोका असणं वेगळं, लोक या दोन गोष्टींची सारखी गल्लत करतात आणि मग जिथे घाबरायचं तिथे घाबरत नाहीत, जिथे काही नाही तिथे ताटावरून उठतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

समुद्री माशात खूप प्रकारचे परजीवी असतात, पण माणसाच्या तब्येतीच्या दृष्टीने ज्याचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं तो म्हणजे अ‍ॅनिसाकिस. हा गोल जंतांच्या कुळातला, म्हणजे आपल्याकडे लहान मुलांच्या पोटात होतात त्या जंतांचा लांबचा नातेवाईक. माशात सापडते ती त्याची अळी, साधारण २ ते ३ सेंटीमीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड, पांढरट आणि जवळजवळ पारदर्शक, आणि बहुतेक वेळा डासांच्या कॉइलसारखी चपटी गुंडाळी करून बसलेली. माशाच्या लिव्हरवर, आतड्यांवर अशा गुंडाळ्या चिकटलेल्या दिसतात, काही अळ्या पोटाजवळच्या मांसात शिरलेल्या असतात. पांढऱ्या मांसाच्या माशात पांढरी अळी दिसत पण नाही पटकन, त्यामुळे न दिसणं म्हणजे नसणं असं समजू नका.

ती माशात येते कुठून, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं. अ‍ॅनिसाकिसचं खरं घर मासा नाहीच, देवमासा आणि डॉल्फिन हे त्याचं घर. त्यांच्या जठरात हा जंत मोठा होतो, नर-मादी जमतात, अंडी घालतात, अंडी विष्ठेतून समुद्रात पडतात. समुद्राच्या पाण्यात अंड्यातून इवलीशी अळी बाहेर येते, तिला क्रिल वगैरे कोळंबीवजा बारीक जीव खातात, त्यांना मासे आणि माकुल खातात, छोट्या माशाला मोठा मासा खातो. या प्रत्येक पायरीवर अळी मरत नाही, नवीन पोटात जाऊन परत गुंडाळी करून वाट बघत बसते. शेवटी एखादा डॉल्फिन किंवा देवमासा तो मासा खातो आणि अळी घरी पोचते. म्हणून जो मासा जास्त वर्षं जगतो, जास्त मासे खातो, त्याच्यात अळ्या साठत जातात. यात घाणीचा, शिळेपणाचा काही संबंध नाही. आत्ता जाळ्यातून काढलेल्या, लालभडक कल्ल्यांच्या एकदम ताज्या माशात पण अळी असू शकते, किंबहुना ताज्या माशात ती जिवंत असते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली स्पष्टच म्हटलं की समुद्रात पकडलेला कुठलाही मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खायचा असेल तर त्यात अळी असू शकते असंच धरून चालायचं.

माणूस या साखळीत कुठेच नाही. आपण जिवंत अळीसकट मासा खाल्ला की अळीला वाटतं आपण देवमाशाच्या पोटात आलो, ती आपल्या जठराच्या अस्तरात डोकं खुपसायला लागते, तोंडाशी एक बारीक दात असतो तो आणि मांस विरघळवणारे रस वापरून. पण माणसाच्या पोटात तिला पुढे वाढता येत नाही, अंडी घालता येत नाहीत, दोन-तीन आठवड्यांत ती मरते. एका माणसाकडून दुसऱ्याला हे लागत नाही. म्हणजे जंताच्या दृष्टीने ही वाट चुकलेली अळी आहे, आणि त्या चुकलेल्या वाटेवर त्रास मात्र आपल्याला होतो.

हा त्रास डॉक्टरांच्या लक्षात आला तो नेदरलँड्समध्ये. तिथले लोक हेरिंग नावाचा मासा नुसता हलकं मीठ लावून, न शिजवता खातात, त्यांच्याकडे ती फार जुनी पद्धत. १९५५ च्या सुमारास भयंकर पोटदुखीने आलेल्या एका पेशंटच्या आतड्यात अळी सापडली, मग अजून काही पेशंट सापडले आणि १९६० मध्ये फान थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं छापून जगासमोर आणलं. आता प्रश्न असा की लोक तर शेकडो वर्षं हेरिंग खात होते, मग तेव्हाच का? त्याचं एक कारण असं सांगतात की आधी मासा बोटीवरच लगेच पोट काढून साफ करायचे, नंतर बर्फात घालून किनाऱ्यावर आणून साफ करायला लागले, आणि मासा मेल्यावर पोटातल्या अळ्या हळूहळू मांसात सरकतात, त्यामुळे मधल्या वेळात त्यांना सरकायला सवड मिळाली. डच सरकारने १९६८ मध्ये कायदाच केला की असा हेरिंग विकायच्या आधी उणे २० डिग्रीला किमान २४ तास गोठवलाच पाहिजे, आणि त्यानंतर तिथल्या केसेस जवळपास बंद झाल्या. एका साध्या नियमाने एक आजार एका देशातून गायब झाला आणि लोकांचा आवडता पदार्थही तसाच राहिला, मला हे उदाहरण म्हणूनच खूप आवडतं.

जपानमध्ये मात्र आजही हा रोजचा विषय आहे. साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप, सुशी, माकुल, आणि व्हिनेगर लावलेला बांगड्याच्या कुळातला मासा ज्याला ते शिमे साबा म्हणतात, हे सगळं तिथे रोजच्या खाण्यातलं. सरकारकडे अन्नातून विषबाधा म्हणून वर्षाला काहीशेच केसेस नोंदल्या जातात, पण हेल्थ इन्शुरन्सच्या क्लेम्सवरून २०१८-१९ चा हिशोब मांडला तेव्हा आकडा वर्षाला २० हजारांच्या आसपास निघाला. त्यांच्याकडे डॉक्टरांना याची इतकी सवय आहे की पेशंट रात्री पोट धरून आला की पहिला प्रश्न हाच, काल कच्चा मासा खाल्ला का. खाल्ल्यापासून साधारण १ ते १२ तासांत वरच्या पोटात जोराची कळ येते, मळमळ, उलट्या. दुर्बीण घालून बघतात, अळी जठराला चिकटलेली दिसते, दुर्बिणीच्याच चिमट्याने ओढून काढतात आणि बऱ्याच जणांना तिथल्या तिथे आराम पडतो. अळी जठरातून पुढे आतड्यात गेली तर मामला अवघड, कारण दुखणं काही दिवसांनी सुरू होतं, आतड्याला सूज येते, आणि ते अपेंडिक्ससारखं वाटतं, अपेंडिक्स समजून ऑपरेशन केल्यावर आत अळी निघाल्याच्या केसेस आहेत. कधी कधी उलट पण होतं, घशात काहीतरी खवखवतंय म्हणून माणूस खोकतो आणि अळी बाहेर पडते, तिथेच विषय संपतो.

आपल्याकडे लगेच डोक्यात येतं की जंताची गोळी घेऊ. तर ते इथे नीट लागू पडत नाही, ती गोळी आपल्या आतड्यात राहणाऱ्या जंतांसाठी असते. काही केसेसमध्ये डॉक्टरांनी ती वापरून बघितलीय, पण अळी जठरात असेल तर मुख्य उपाय म्हणजे ती काढणं, आणि आतड्यात असेल तर बहुतेकदा लक्ष ठेवून, दुखणं सांभाळत ती मरायची वाट बघणं.

जपानमधलीच अजून एक गोष्ट सांगते, कारण त्यातून कळतं की सगळ्या अळ्या सारख्या नसतात. फुकुओका भागात लोक बांगड्याच्या कुळातला तो शिमे साबावाला मासा व्हिनेगरसुद्धा न लावता कच्चा खातात, तर टोकियोकडे तसं करायला लोक घाबरतात. संशोधकांनी बघितलं तेव्हा लक्षात आलं की पॅसिफिकच्या बाजूच्या माशात जास्त करून सिम्प्लेक्स नावाची जात आहे आणि जपानच्या समुद्राच्या बाजूला पेग्रेफी नावाची, आणि सिम्प्लेक्स मांसात घुसते तर पेग्रेफी बहुतेक वेळा माशाच्या आतड्यांपाशीच राहते, म्हणजे पोट काढलं की तीही जाते. लोकांनी अनुभवाने जे ठरवलं होतं त्याला आधार निघाला. अर्थात पेग्रेफीमुळे आजार होत नाही असं अजिबात नाही, भूमध्य समुद्राच्या बाजूच्या बऱ्याच केसेस तिच्याच आहेत.

आता स्पेनकडे या, कारण आपल्या लोकांचा जो सगळ्यात मोठा गैरसमज आहे तो तिथे उघडा पडतो. स्पेनमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे व्हिनेगरमध्ये मुरवून तसेच खातात, बोकेरोनेस म्हणतात त्याला, आणि तिथल्या बऱ्याच केसेस याच पदार्थातून येतात. वर्षाला अंदाजे ८ हजार लोकांना हा त्रास होत असावा असं तिथल्या एका अभ्यासाने मांडलंय. व्हिनेगरमध्ये मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण अळी त्यात कितीतरी दिवस जगते, का तर ती मुळात जठरातल्या अ‍ॅसिडमध्ये राहायला बनलेली आहे. ज्या जंताचं घरच देवमाशाचं जठर आहे त्याला आपलं लिंबू काय करणार. लिंबू पिळलं की मासा शिजतो, वसाबीने, म्हणजे सुशीबरोबरच्या त्या झणझणीत हिरव्या चटणीने, जंतू मरतात, वरून एक पेग मारला की काही होत नाही, सोया सॉस खारट असतो त्यात मरते, ही सगळी वाक्यं मी ऐकलीत आणि ही सगळी चुकीची आहेत. थंड धुरावर केलेला स्मोक्ड सामन पण यातच आला, तो धूर इतका गरम नसतो. मिठाने अळी मरते, पण त्यासाठी मासा खूप जास्त मिठात आठवडेच्या आठवडे राहावा लागतो, वरून भुरभुरवलेल्या मिठाने नाही. स्पेनने २००६ मध्ये कायदा करून हॉटेलांना सांगितलं की कच्चा किंवा व्हिनेगरमधला मासा द्यायचा तर आधी गोठवा.

मग मरते कशाने? उष्णतेने आणि नीट गोठवण्याने. माशाच्या आतल्या, मधल्या भागाचं तापमान ६० डिग्रीला १ मिनिट राहिलं तर अळी मरते, अमेरिकेचा नियम ६३ डिग्रीला १५ सेकंद असा आहे. आणि गोठवायचं तर युरोपचा नियम उणे २० डिग्रीला २४ तास किंवा उणे ३५ ला १५ तास, अमेरिकेत उणे २० ला ७ दिवस. इथे एक बारकावा आहे, युरोपच्या नियमातलं हे तापमान फ्रीजरचं नाही, माशाच्या पोटातलं, गाभ्याचं आहे, मोठा मासा तिथपर्यंत गोठायलाच वेळ लागतो. आपल्या घरच्या फ्रीजचा वरचा बर्फाचा कप्पा, त्यातून सिंगल डोअर असेल तर, उणे २० च्या जवळपास पण जात नाही बऱ्याचदा, आणि आपण दिवसातून दहा वेळा दार उघडतो. स्पेनची सरकारी अन्नसुरक्षा संस्था घरच्या लोकांना म्हणूनच सांगते की उणे २० ला ५ दिवस ठेवा, आणि फ्रीजर तेवढा गार होत नसेल तर सरळ आधीच गोठवलेला मासा विकत आणा. रावस किंवा सुरमई बाजारातून आणून घरी सुशी करायची आयडिया आजकाल रील्समध्ये दिसते, ती मला खरंच धोक्याची वाटते, कारण तो मासा बर्फात ठेवलेला असतो, गोठवलेला नसतो, आणि बर्फात अळी आरामात जिवंत राहते.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे बघा. बांगड्याचं तिखलं, सुरमईचं कालवण, गोव्याचं हुमण, हे सगळं रटरट उकळतं, तुकडी आतपर्यंत शिजते, अळी असली तरी मेली. रवा लावून तव्यावर तळलेली पातळ तुकडी, तेच. सुकी मासळी आपण भाजून नाहीतर कालवण करूनच खातो. आपल्या कोकणी-मालवणी-आगरी जेवणात कच्चा मासा जवळपास नाहीच, आणि भारतात माणसाला अ‍ॅनिसाकिसचा त्रास झाल्याच्या केसेस अगदी तुरळक नोंदल्या गेल्यात, त्याचं मोठं कारण माझ्या मते हेच. लक्ष द्यायचं ते अख्ख्या भरल्या बांगड्यावर, रेशाद मसाला आत ठासून भरलेला असतो, बाहेरून कुरकुरीत काळसर होतो आणि मधल्या काट्याला लागून मांस गुलाबी राहिलेलं असतं. मंद आचेवर झाकण ठेवून आधी आतून शिजवायचा आणि मग मोठ्या आचेवर कुरकुरीत करायचा. सुरमईच्या जाड तुकडीचं पण तसंच, काट्यापासून मांस सहज सुटत नसेल तर अजून दोन मिनिटं ठेवा. हॉटेलात आजकाल मीडियम रेअर मासा देतात, वरून भाजलेला आत कच्चा, तिथे हे सगळे हिशोब परत लागू होतात.

सामनचं वेगळं सांगायला हवं कारण परदेशातले आपले लोक आणि मुंबई-पुण्यातले सुशीवाले दोघांचा हाच मुख्य मासा. जपानी लोक पूर्वी सामन कच्चा खात नसत, त्यांच्या पॅसिफिक सामनमध्ये परजीवी असतात हे त्यांना माहीत होतं. जपानच्या उत्तरेकडच्या हॉक्काइदो बेटावरचे मूळ रहिवासी, आयनू लोक, तो थंडीत गोठवून मगच कापून खायचे. कच्च्या सामनची सुशी हे प्रकरण १९८० च्या दशकात नॉर्वेने मुद्दाम रुजवलं, त्यांच्याकडे पिंजऱ्यात पाळलेला सामन भरपूर होता आणि तो कोरड्या गोळ्यांच्या खाद्यावर वाढतो, क्रिल किंवा छोटे मासे खात नाही, म्हणजे अळीची साखळीच तुटते. त्यामुळे पाळलेल्या अटलांटिक सामनमध्ये अ‍ॅनिसाकिस असायची शक्यता फार कमी, युरोपच्या नियमात त्याला गोठवण्यातून सूट मिळू शकते. पण समुद्रातून पकडलेला, ज्यावर वाइल्ड असं लिहिलेलं असतं आणि जो आपण जास्त चांगला म्हणून महाग घेतो, त्यात अळी असणं अगदी नॉर्मल आहे, तो शिजवूनच खा किंवा नीट गोठवलेला आहे याची खात्री करा. जंगली पॅसिफिक सामनमध्ये अजून एक पाहुणा असू शकतो, चपटी पट्टीकृमी, आणि तो माणसाच्या आतड्यात खरंच राहतो, वाढतो, कित्येक मीटर लांब होतो. बऱ्याचदा त्रास काहीच नसतो, शौचातून पट्टीचे तुकडे पडायला लागले की माणूस हादरून डॉक्टरकडे जातो, त्यावर औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं. अमेरिकेत पाकिटावर सुशी ग्रेड असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर फार विसंबू नका, त्या शब्दांना कायद्याची व्याख्या नाही, दुकानदाराला सरळ विचारा की हा मासा गोठवला होता का, किती डिग्रीला आणि किती दिवस. ट्यूनाच्या काही जातींना अमेरिकेच्या नियमात गोठवण्यातून सूट आहे, त्यांच्या मांसात अळ्या क्वचितच सापडतात म्हणून.

इथपर्यंतचं सगळं ऐकून वाटेल की शिजवलं म्हणजे सुटलो. बहुतेकांसाठी हो. पण अ‍ॅलर्जीचं प्रकरण वेगळं आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. १९९० च्या दशकात स्पेनच्या बास्क भागातल्या डॉक्टरांकडे असे पेशंट यायला लागले की मासा खाल्ल्यावर अंगभर पित्त उठतंय, काहींचा श्वास अडकतोय, बीपी खाली जातंय, पण माशाच्या अ‍ॅलर्जीची टेस्ट केली तर निगेटिव्ह. मग त्यांनी अ‍ॅनिसाकिसची टेस्ट केली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे त्या माणसांना माशाचं काही वावडं नव्हतं, माशातल्या अळीचं होतं. अळीच्या शरीरातली काही प्रोटीन्स अशी आहेत की ती शिजवून, गोठवून, आपल्या पोटातल्या पाचकरसात पण टिकतात, त्यामुळे एकदा का अ‍ॅलर्जी झाली की मेलेल्या अळीने सुद्धा काहींना त्रास होऊ शकतो. पहिल्यांदा अ‍ॅलर्जी लागायला मात्र जिवंत अळी पोटात जावी लागते असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे, सगळ्यांचं नाही. आणि चांगली बाजू अशी की अशा पेशंटपैकी कित्येकांना नीट गोठवलेला मासा चालतो. मासे हाताळणाऱ्या कामगारांना तर खाण्याचाही प्रश्न नाही, दक्षिण आफ्रिकेत मासे प्रोसेस करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांमध्ये अ‍ॅनिसाकिसची अ‍ॅलर्जी आढळलीय, हाताला पुरळ, खाज, दम लागणं. आपल्याकडे बंदरावर आणि फॅक्टऱ्यांत हजारो बायका दिवसभर मासळी निवडतात, कापतात, त्यांच्या हाताची खाज आणि धाप हे कामाचंच आहे म्हणून सोडून दिलं जातं आणि मला ते फार खुपतं. त्यामागे अळीच असेल असं नाही, कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल, पाण्याने कातडी खराब झाली असेल, पण हातमोजे आणि एकदा तपासणी एवढं तरी मिळायला हवं.

यात अजून एक गोंधळ होतो तो सांगते कारण आपल्याकडे तोच जास्त होतो. बांगडा, ट्यूना, तारली असे मासे बर्फाशिवाय उन्हात पडून राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा लाल, डोकं ठणकतं, अंगावर पित्त, धडधड. याला जंताशी काही घेणंदेणं नाही, माशाच्या अ‍ॅलर्जीशी पण नाही, तो मासाच नीट गार ठेवलेला नव्हता. एकाच माशाने घरातल्या तिघा-चौघांना एकदम झालं तर हिस्टामिनचा संशय घ्यायचा, आणि एकाच माणसाला दर वेळी होत असेल तर अ‍ॅलर्जीचा.

आता आपल्या समुद्राचं. भारताच्या किनाऱ्यावरच्या माशांत अ‍ॅनिसाकिसच्या कुळातल्या अळ्या सापडल्याच्या नोंदी आहेत, उष्ण समुद्रात जास्त करून टिपिका नावाची जात असते, आणि माणसांना त्रास दिलेल्या बहुतेक केसेस मी वर सांगितलेल्या सिम्प्लेक्स आणि पेग्रेफीच्या आहेत. म्हणजे टिपिका बिनधास्त कच्ची खा असं नव्हे, इतकंच की आपल्या पाण्यातलं चित्र जपानसारखं नाही. मासे साफ करताना तुम्हाला जे दिसतं त्यातलं बरंचसं तर अ‍ॅनिसाकिस नसतंच. गाबोळीत कधी लालसर लांब जंत निघतात, ते दुसऱ्याच जातीचे, माशाच्या अंडाशयातच राहणारे, शिजवलेल्या माशातून त्यांचा माणसाला त्रास नाही, पण किळस वाटली तर ती गाबोळी टाकून द्या, कोणी जबरदस्ती केलेली नाही. मोठ्या माशाच्या मांसात तांदळाएवढ्या पांढऱ्या गाठी किंवा पट्ट्या दिसतात त्या बऱ्याचदा अशा कृमींच्या अळ्या असतात ज्यांचं शेवटचं घर मुशी किंवा पाकट आहे, त्या माणसाच्या पोटात वाढत नाहीत. बांगड्याच्या कल्ल्यात किंवा तोंडात पांढरट, खूप पाय असलेला किडा चिकटलेला दिसतो तो जंत नाहीच, खेकडे-कोळंबीच्या वर्गातला जीव आहे, माशाचं रक्त पितो, आपल्याला काही करत नाही, काढून टाकायचा. मांसाचा भाग अळ्यांनी भरलेलाच असेल तर मासा परत करा, कोळणीला दाखवा, नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर बहुतेक जणी बदलून देतात.

करायचं काय तर मासा घेतला की बाजारातच पोट काढून घ्या, आणि घरी येईपर्यंत गार ठेवा, कारण मासा मेल्यावर अळ्या पोटातून मांसात सरकतात, विशेषतः उबेत. पोटाच्या पडद्याचा पातळ भाग असतो तिथे अळ्या जास्त सापडतात, तो उजेडात धरून बघा. मोठ्या कारखान्यांत पण हेच करतात, फिलेट काचेच्या टेबलावर ठेवून खालून लाईट मारतात आणि दिसलेली अळी चिमट्याने काढतात, तरी मांसात खोलवरची काही सुटतेच. जपानमध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या लोकांनी माशाच्या तुकड्यांतून विजेचे अतिशय जोरदार झटके सोडून, मासा न शिजवता आतली अळी मारायचं मशीन तयार केलंय, गोठवल्याने चव आणि पोत बिघडतो अशी तिथल्या खवय्यांची तक्रार असते त्यावर हा उपाय.

या अळ्या वाढतायत का, असं कोणी विचारलं तर उत्तर हो असं आहे, निदान अ‍ॅनिसाकिसच्या बाबतीत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरचे जुने अभ्यास गोळा करून २०२० मध्ये दाखवलं की १९७८ ते २०१५ मध्ये दर माशामागे सापडणाऱ्या अ‍ॅनिसाकिसच्या अळ्या २८३ पट झाल्या. त्याच विद्यापीठातल्या टीमने नंतर अजून एक काम केलं ते मला फारच आवडलं. सिएटलच्या एका सीफूड संघटनेकडे क्वालिटी तपासायला म्हणून बाजूला ठेवलेले सामनचे जुने डबे पडून होते, १९७९ ते २०२१ पर्यंतचे, त्यातले १७८ डबे यांनी उघडले आणि चिमट्याने मांस सुटं करत अळ्या मोजल्या. शिजून मेलेल्या अळ्या, खाणाऱ्याला काही करणार नाहीत अशा, पण मोजता येतील अशा. सामनच्या चारपैकी दोन जातींत, चम आणि पिंकमध्ये, अळ्या वाढत गेलेल्या दिसल्या, बाकी दोन जातींत फरक नव्हता. याचं एक संभाव्य कारण ते असं देतात की अमेरिकेने १९७२ मध्ये समुद्री सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला, त्यानंतर तिथे देवमासे, सील वगैरेंची संख्या सावरली, आणि घर परत वसलं म्हणून त्यातला भाडेकरूही वाढला. समुद्राचं तापणं वगैरे कारणं पण असू शकतात, पण ज्या समुद्रात देवमासे, क्रिल, मासे सगळे आहेत तिथेच ही साखळी पूर्ण होते, त्यामुळे अळी दिसली की समुद्र घाण झाला असं जे लोक लिहितात ते बरोबर नाही.

डॉक्टरकडे जायची वेळ आली तर एक गोष्ट स्वतःहून सांगा. आपल्याकडच्या डॉक्टरांना असा पेशंट क्वचितच भेटतो, त्यामुळे अ‍ॅसिडिटी, फूड पॉइझनिंग नाहीतर अपेंडिक्स हेच आधी डोक्यात येणार आणि त्यात त्यांची चूक नाही. गेल्या दोन-चार दिवसांत सुशी, साशिमी, सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, व्हिनेगरमधला किंवा अर्धकच्चा मासा, माकुल खाल्लं असेल आणि त्यानंतर वरच्या पोटात कळा सुरू झाल्या असतील तर काय खाल्लं, कधी खाल्लं, किती तासांनी दुखायला लागलं हे नीट सांगा, आणि एन्डोस्कोपी करायची का असं विचारा. खोकल्यातून किंवा उलटीतून काही पडलं असेल तर ते टाकून न देता छोट्या डबीत घालून सोबत न्या. आणि मासा खाल्ल्यावर श्वास अडकला, ओठ-जीभ सुजली, गरगरायला लागलं तर कारण अळी आहे का मासा का हिस्टामिन हा विचार करत बसू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, कारणाची तपासणी नंतर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे करता येते, आणि तिथे माशाच्या टेस्टबरोबर अ‍ॅनिसाकिसची पण टेस्ट होते का ते विचारून घ्या.